दहावीचा निकाल कसा वाचावा? आंदर मावळातल्या पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला की टाकवे, कान्हे फाटा, वडगाव, कामशेतच्या चौकांत फलक उभे राहतात. 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम', 'तालुक्यात प्रथम', आणि खाली गुणवंतांच्या फोटोंच्या रांगा. याच दिवसांत आंदर मावळातल्या कितीतरी घरांत एक प्रश्न चर्चेत असतो: जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झालेल्या मुलाला आता पुढे कुठे घालायचे? जवळच्या शाळेत, आश्रमशाळेत, की रोज खाली उतरून वडगाव-तळेगावला? बहुतेक वेळा उत्तर त्या फलकांवरून ठरते. निकाल मोठा तर शाळा चांगली, असा सरळ हिशेब असतो.

हा हिशेब अपुरा आहे आणि त्याचा तोटा आपल्याच मुलांना होतो. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यातल्या सुमारे साडेतेवीस हजार माध्यमिक शाळांपैकी आठ हजारांच्या आसपास शाळांचा निकाल शंभर टक्के लागला. दर तीन शाळांमागे एक शाळा पैकीच्या पैकी ठरत असेल, तर त्या आकड्यावरून चांगली शाळा निवडता येत नाही. निवड करायची तर त्याच्या मागे जावे लागते. किती टक्के मुले पास झाली हे विचारण्याआधी, आठवीत आलेल्या सगळ्या मुलांचे काय झाले, हे विचारावे लागते. बाकीचे सारे मुद्दे या एका प्रश्नातून निघतात. आकडेमोड चौथी-पाचवीच्या गणिताएवढीच आहे, ती कोणत्याही पालकाला जमेल.

आधी पर्याय कागदावर मांडा

आंदर मावळात जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा प्राथमिक आहेत. माध्यमिक शिक्षणासाठी मुख्यतः तीन प्रकारच्या शाळा समोर येतात. पहिला प्रकार शिक्षणसंस्थांच्या अनुदानित विद्यालयांचा. शाळा संस्थेची असते, शिक्षकांचा पगार सरकार देते. दुसरा प्रकार शासकीय आश्रमशाळेचा, जशी माळेगावला आहे. ही आदिवासी विकास विभागाची, घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाखालची निवासी शाळा. तिसरा प्रकार विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा, ज्यात इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळा येतात.

या तिन्हींची एका ओळीत तुलना करणे चुकीचे आहे. फी भरून, प्रवेशाआधी मुलाची चाचणी घेऊन भरलेला वर्ग एकीकडे. खांडी, कुसूर, सावळे, माऊ इथल्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी घरांतली, दहावीच्या वर्गात बसणारी घरातली पहिलीच अशी मुले घेऊन भरलेला वर्ग दुसरीकडे. दोघांचा निकाल ९० टक्के लागला, तर दोघांनी सारखे काम केले असे म्हणता येणार नाही. म्हणून पहिली तुलना सारख्यांची सारख्यांशी करा: अनुदानितची अनुदानितशी, आश्रमशाळेची प्रकल्पातल्या दुसऱ्या आश्रमशाळांशी. त्यानंतरच वेगवेगळ्या प्रकारांपैकी आपल्या मुलाला काय मानवेल याचा विचार करा.

टक्केवारी कोणत्या मुलांची?

मंडळाच्या निकालात तीन आकडे असतात: नोंदणी झालेले, प्रविष्ट झालेले आणि उत्तीर्ण झालेले. टक्केवारी प्रविष्ट मुलांवर काढली जाते. २०२५ मध्ये राज्यात १५ लाख ५८ हजार २० नियमित विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, १५ लाख ४६ हजार ५७९ परीक्षेला बसले आणि १४ लाख ५५ हजार ४३३ उत्तीर्ण झाले. निकाल ९४.१० टक्के. फॉर्म भरूनही परीक्षेला न बसलेली अकरा हजारांहून अधिक मुले या टक्केवारीत नाहीत.

ही गळती दहावीच्या वर्षातली. तिच्या कितीतरी आधी, नववीत, मोठी गळती झालेली असते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीत ते कवच संपते. नववीत मूल नापास होते, कंटाळून घरी बसते, कुणी टाकव्याच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागतो, एखाद्या मुलीचे लग्न ठरते. काही मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितले जाते. खासगी विद्यार्थ्यांची नोंद वेगळ्या गटात होते, म्हणून त्यांचा निकाल शाळेच्या नियमित निकालाला लागत नाही. ज्याला कामधंद्यामुळे वर्गात येणे खरेच शक्य नाही, त्याच्यासाठी सतरा नंबरची सोय मोलाची आहे. पण वर्गात बसणाऱ्या कच्च्या मुलाला निकाल बिघडू नये म्हणून त्या वाटेला लावले, तर त्याला शिक्षकच उरत नाही. २०२५ मध्ये खासगी विद्यार्थ्यांचा निकाल ८०.३६ टक्के होता, नियमित मुलांच्या जवळपास चौदा टक्क्यांनी खाली.

आता दोन काल्पनिक शाळा घ्या. दोन्ही शाळांत आठवीला साठ-साठ मुले आली. पहिल्या शाळेतून दहावीला बेचाळीस बसली आणि बेचाळीसही पास झाली. फलकावर शंभर टक्के. दुसऱ्या शाळेतून सत्तावन्न बसली, बावन्न पास झाली. फलकावर ९१ टक्के. तालुक्याच्या यादीत पहिली शाळा वर, दुसरी खाली. पण आठवीत आलेल्या साठ मुलांचा हिशेब धरला, तर पहिल्या शाळेने शंभरातली ७० मुले पार नेली आणि दुसरीने जवळपास ८७. आपले मूल त्या साठांपैकी कोणते असेल हे आठवीच्या जूनमध्ये कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मला दुसरी शाळा अधिक भरवशाची वाटते.

हा हिशेब काढण्यासाठी शाळेला तीन सलग वर्षांचे पट विचारा: २०२२-२३ ची आठवी, २०२३-२४ ची नववी, २०२४-२५ ची दहावी आणि मग उत्तीर्ण संख्या. वाटेत काही मुले दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जातात, काही नवीन येतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण पट साठावरून बेचाळीसवर आला असेल, तर 'ती अठरा मुले कुठे गेली?' असा सरळ प्रश्न करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक दाखल्याची नोंद असते. चांगल्या मुख्याध्यापकांना बहुतेक मुलांची नावानिशी माहिती असते. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तर समजा.

लहान वर्गाच्या टक्केवारीला भुलू नका

आंदर मावळात काही वर्ग लहान असतात. पंचवीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्के. अडीचशे मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे अर्धा टक्काही नाही. लहान शाळेत परीक्षेच्या आठवड्यात एक मूल तापाने आजारी पडले, तरी निकाल चार टक्क्यांनी खाली येतो.

समजा एका लहान शाळेत पहिल्या वर्षी २५ पैकी २४ मुले पास झाली, म्हणजे ९६ टक्के. दुसऱ्या वर्षी २२ पैकी १९, म्हणजे ८६ टक्के. तिसऱ्या वर्षी २८ पैकी २७, म्हणजे पुन्हा ९६. गावात आधी 'शाळा घसरली' आणि मग 'शाळा सुधारली' अशी चर्चा होईल. खरे तर शाळा तीच, शिक्षक तेच, फरक दोन-तीन मुलांचा. तिन्ही वर्षे एकत्र धरली तर ७५ पैकी ७० मुले, म्हणजे ९३ टक्के. लहान शाळेसाठी हाच आकडा विश्वासाचा.

नियम साधा ठेवा. एका वर्षाचा निकाल पाहू नका, किमान तीन वर्षांची बेरीज करा. टक्क्यांची सरासरी काढू नका, मुलांची संख्या मिळवा आणि मग टक्का काढा. आणि दोन शाळांत तीन-चार टक्क्यांचा फरक असेल, तर तो नाहीच असे समजून पुढच्या मुद्द्यांकडे वळा.

वर्षावर्षांची तुलना जपून

'आमच्या शाळेचा निकाल पूर्वीपेक्षा वीस टक्क्यांनी वाढला' असे वाक्य ऐकले, तर ते 'पूर्वी' कोणत्या वर्षाचे हे आधी पाहा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० वर आला, कारण नव्या अभ्यासक्रमासोबत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे २० गुण बंद केले होते. ते गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० वर गेला. एका वर्षात राज्यातली मुले अठरा टक्के हुशार झाली नव्हती, मोजण्याची पद्धत बदलली होती. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. शाळांच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. २०२२ मध्ये परीक्षा झाली, पण अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी करून आणि मुलांना स्वतःच्याच शाळेत केंद्र देऊन. निकाल ९६.९४.

म्हणून २०१९ ते २०२२ ही वर्षे तुलनेतून वगळा. २०२३ पासूनची वर्षे एकमेकांशी ताडता येतात. त्यातही शाळेची तुलना तिच्याच मागच्या वर्षापेक्षा त्या वर्षीच्या विभागाच्या निकालाशी करणे योग्य. पुणे विभागाचा निकाल २०२३ मध्ये ९५.६४, २०२४ मध्ये ९६.४४ आणि २०२५ मध्ये ९४.८१ टक्के होता. २०२४ ते २०२५ या काळात एखाद्या शाळेचा निकाल दीड टक्क्याने उतरला असेल, तर ती विभागासोबतच उतरली, तिला दोष देऊ नये. विभाग उतरताना जी शाळा टिकून राहिली, तिच्याकडे मात्र लक्ष द्या.

'पास' म्हणजे नेमके किती?

उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात ३५ गुण लागतात. त्यांतले २० गुण अंतर्गत, तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. ज्या मुलाला त्यातले अठरा मिळाले, त्याला लेखी परीक्षेत ऐंशीपैकी सतरा पुरतात. शाळेच्या अंतर्गत गुणांवर आक्षेप घेण्यासाठी मी हे सांगत नाही. प्रयोगवहीचे, प्रकल्पाचे, तोंडी परीक्षेचे गुण कष्टाने मिळवलेले असतात. पण उत्तीर्ण हा एकच शब्द ३५ टक्केवाल्यालाही लागतो आणि ९५ वाल्यालाही, म्हणून त्याच्या आत डोकावायला हवे.

त्यासाठी श्रेणीनिहाय आकडे मागा: विशेष प्रावीण्यासह म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर किती, प्रथम श्रेणीत किती, द्वितीय श्रेणीत किती, नुसते उत्तीर्ण किती. हे आकडे निकालाच्या दिवशी शाळेकडे आलेले असतात. शंभर टक्के निकालाच्या शाळेत निम्मी मुले ४५ टक्क्यांच्या खाली असू शकतात आणि ९२ टक्के निकालाच्या शाळेत बहुतेक मुले प्रथम श्रेणीत असू शकतात.

दुसरी गोष्ट गणित, विज्ञान आणि इंग्रजीची. गुणपत्रिकेवरची टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० गुणांवर काढली जाते. सगळ्यांत कमी गुणांचा विषय त्यातून गळतो आणि आपल्या भागात बहुधा तो गणित किंवा इंग्रजी असतो. त्यामुळे ७८ टक्के मिळालेल्या मुलाला गणितात ३८ असू शकतात. अकरावी विज्ञान, डिप्लोमा, आयटीआयच्या चांगल्या ट्रेडला जाताना मात्र तोच विषय आडवा येतो. टाकवे आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहती दारात आहेत. तिथे नुसता हेल्पर म्हणून लागायचे की शिकलेला कारागीर म्हणून, हे बऱ्याच अंशी गणितावर ठरते. म्हणून शाळेला विचारा: गणितात आणि इंग्रजीत तुमच्या मुलांना सरासरी किती गुण पडले? साठच्या वर किती मुले आहेत? अंतर्गत गुण शाळाच देते. त्यांची सरासरी एकूण सरासरीतून वजा केली, तर लेखी परीक्षेत मुलांना खरे किती येत होते हेही कळते.

पहिल्या क्रमांकाच्या मुलीचा फोटो पाहून आनंद जरूर माना. पण एका मुलीचे ९६ टक्के तिच्या कष्टाबद्दल जेवढे सांगतात, तेवढे शाळेबद्दल सांगत नाहीत. शाळा कळते ती वर्गातल्या मधल्या मुलावरून. सगळ्या मुलांचे गुण उतरत्या क्रमाने लिहिले, तर मधोमध येणाऱ्या मुलाला किती गुण आहेत, हा एक आकडा दहा फलकांपेक्षा जास्त सांगतो.

मूल कुठून निघाले आणि कुठे पोहोचले

इंग्लंडमध्ये शाळांच्या निकालांचे तक्ते १९९२ पासून सरकार जाहीर करू लागले आणि सुखवस्तू वस्तीतल्या शाळा वर्षानुवर्षे वर दिसू लागल्या. पुढे तिथे वेगळी पद्धत काढली गेली. २०१६ पासून 'प्रोग्रेस ८' या नावाने असे मोजले जाऊ लागले की प्राथमिक शाळा संपताना ज्यांची पातळी सारखी होती, त्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतल्या मुलांनी किती मजल मारली. म्हणजे शाळेला श्रेय तिने घातलेल्या भरीचे.

आपल्याकडे प्रत्येक शाळेसाठी असा आकडा तयार मिळत नाही. राष्ट्रीय पातळीवर सर्वेक्षणे होतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख'चे सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचे झाले. पण त्यातून जिल्ह्याचे चित्र कळते, टाकव्याच्या किंवा कामशेतच्या एका शाळेचे नाही. तरी अंदाज बांधायला साधने आहेत. आठवीला आलेल्या मुलांची पायाभूत चाचणी शाळा घेते. तिचे निकाल आणि त्याच मुलांचे दहावीचे गुण शेजारी ठेवले, तर शाळेने काय घडवले ते दिसते. मुख्याध्यापकांना इतकेच विचारा: 'आठवीत आली तेव्हा यातल्या किती मुलांना मराठी उतारा सलग वाचता येत होता, भागाकार येत होता? त्यांच्यासाठी तुम्ही काय केले?' ज्या शाळेकडे या प्रश्नाचे नेमके उत्तर असते, जिथे जादा तास कोण घेते, किती वाजता घेते, कोणत्या मुलांचा गट आहे हे सांगितले जाते, तिथे शिकवण्याचे काम चालू आहे असे समजा.

याच कारणासाठी आश्रमशाळेचा ८५ टक्के निकाल पाहून नाक मुरडू नका. दिवाळीनंतर ज्यांचे आईवडील वीटभट्टीवर जातात, अशा मुलांना वर्षभर एका जागी ठेवून दहावीपर्यंत नेणे हे फार मोठे काम आहे. उलट, घरी शिकवणी, वेगळी खोली आणि शिकलेले पालक असलेल्या मुलांच्या शाळेचा ९८ टक्के निकाल म्हणजे विशेष काही नाही.

शिष्यवृत्तीच्या परीक्षांकडेही पाहा. आठवीची एनएमएमएस परीक्षा फक्त शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अनिवासी शाळांतल्या, कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. यात सारख्या परिस्थितीतली मुले एकमेकांसमोर येतात, म्हणून ही तुलना न्याय्य आहे. शाळेतून किती मुले बसवली आणि किती निवडली गेली, दोन्ही आकडे विचारा. मुले बसवतच नसतील, तर ती शाळा आपल्या मुलांच्या हक्काच्या पैशाबद्दल उदासीन आहे.

निकालात न दिसणाऱ्या गोष्टी

शिक्षक. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला पूर्ण वेळचे, त्याच विषयाचे शिक्षक आहेत का, की तासिका तत्त्वावर येणाऱ्यांवर वर्ग चालतो? गेल्या तीन वर्षांत गणिताचे शिक्षक किती वेळा बदलले? एकही पद रिकामे असेल, तर ते किती दिवसांपासून? दहावीच्या गुणांवर याचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो, म्हणून आजच्या निकालावरून उद्याची शाळा ओळखायची तर आधी हे बघा.

हजेरी. आंदर मावळात शाळा पारखायची खरी वेळ जुलै. धो धो पाऊस, भाताची आवणी, ओढ्यांना पूर. त्या महिन्यात वर्गात किती मुले बसलेली असतात, आवणीला गेलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास शाळा कसा भरून काढते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. ज्यांना शक्य असेल त्यांनी प्रवेशाच्या आधीच्या वर्षीच, मूल सातवीत असताना, हा फेरफटका मारावा.

वाट. आंद्रा नदीवरच्या ठोकळवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्राला जाते. त्या जलाशयाच्या कडेने पसरलेल्या गावांना आजही वळसे घेत खाली यावे लागते. वरच्या गावातल्या मुलाला तळेगावची शाळा गाठायची तर आधी कान्हे फाटा, मग लोकल, मग चालत. सकाळी अंधारात निघून संध्याकाळी अंधारात परतणाऱ्या मुलाचा अभ्यास कधी होणार? दोन शाळांच्या निकालात पाच टक्क्यांचा फरक असेल आणि रोजच्या प्रवासात दोन-अडीच तासांचा, तर जवळची शाळा निवडा. मुलींसाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत मिळतो, पण पास असून उपयोग नाही, शाळेच्या वेळेला गाडी हवी. गाडीचे वेळापत्रक, फाट्यापासून शाळेपर्यंतचे अंतर, आणि स्वच्छतागृहात पाणी आहे का, या तीन गोष्टी आईने स्वतः जाऊन पाहाव्यात. मुलगी नववीत शाळा सोडते, तेव्हा कारण बहुधा यांतलेच एखादे असते.

माध्यम. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला आठवीत सेमी इंग्रजीच्या तुकडीत घालण्याआधी त्या तुकडीतल्या गणिताच्या सरासरीची आणि मराठी तुकडीतल्या सरासरीची तुलना मागा. मुलाला गणितच कळेनासे झाले, तर इंग्रजी शब्द पाठ होऊन काही हाती लागत नाही.

माहिती कुठून मिळवायची

पहिली जागा शाळाच. मुख्याध्यापकांना वेळ मागून भेटा, प्रश्न लिहून न्या, आवाज चढवू नका. बहुतेक शिक्षकांना असे विचारणारे पालक हवेच असतात.

दुसरी जागा यू-डायस. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्राचा आकडा २७ आणि पुणे जिल्ह्याचा २५, म्हणून आपल्या सगळ्या शाळांचे क्रमांक २७२५ ने सुरू होतात. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचे नाव किंवा हा क्रमांक टाकला की पटसंख्या, मुले-मुली, शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृह अशी माहिती मोबाइलवर दिसते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून प्रत्यक्ष पाहून ताडून घ्या.

तिसरी जागा सरकारी कार्यालय. वडगावला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी बसतात आणि पुण्याला जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी. अनुदानित शाळेने माहिती दिली नाही, तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. पण ही पायरी शेवटची ठेवा. ज्या शाळेत मूल घालायचे, तिच्याशी पहिला व्यवहार अर्जाचा नसावा.

चौथी जागा, जिचा उपयोग सगळ्यांत कमी केला जातो, ती म्हणजे त्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले. ती आज कुठे आहेत? अकरावीत टिकली का, आयटीआयला लागली का, घरी आहेत का? आपल्याच गावातल्या पाच-सहा मुलांना विचारा. गुणवत्ता यादीतल्या नको, मधल्या.

एका पानाचा तक्ता

वहीचे एक पान घ्या. वर दोन किंवा तीन शाळांची नावे लिहा आणि बाजूला हे प्रश्न:

१. आठवीत आलेल्या मुलांपैकी दहावी पास होऊन किती बाहेर पडली? (तीन वर्षांची बेरीज)
२. नववीतून किती गळाली आणि ती कुठे गेली?
३. मधल्या मुलाचे गुण किती?
४. गणित आणि इंग्रजीची सरासरी किती?
५. या दोन विषयांचे पूर्ण वेळचे शिक्षक आहेत का?
६. कच्च्या मुलांसाठी नेमके काय केले जाते?
७. घरापासून शाळेत पोहोचायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात किती?
८. मुलीसाठी वाट आणि स्वच्छतागृह ठीक आहे का?

पहिल्या आणि सातव्या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन द्या. पहिला प्रश्न शाळेची नियत सांगतो आणि सातवा तुमच्या मुलाची रोजची ताकद. बेरीज करून गुण काढण्याची गरज नाही. पान भरून झाले की उत्तर बहुधा समोर दिसते. मग मुलाला विचारा. तेरा वर्षांच्या मुलाचेही मत असते आणि शाळेत त्यालाच जायचे असते.

शाळा बदलण्याआधी

शेवटी एक विनंती. जवळच्या शाळेचे पान कमजोर निघाले, तर लगेच मुलाला खाली नेण्याचा विचार करू नका. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. दरवर्षी संचमान्यता होते आणि पट घटला की पदे घटतात. ज्यांना परवडते ते पालक मुले काढून नेतात, पट उतरतो, गणिताचे पद जाते, निकाल खाली येतो आणि आणखी मुले निघून जातात. मागे राहतात ती खांडीची, कुसूरची, ज्यांना खाली उतरणे शक्य नाही अशी मुले.

म्हणून हे पान घेऊन एकट्याने नाही, आठ-दहा पालकांनी मिळून शाळेत जा. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत हेच आठ प्रश्न मांडा. गणिताचे पद रिकामे असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करा. गाडीची वेळ जुळत नसेल, तर आगाराला पत्र द्या. आणि दरवर्षी निकाल लागल्यावर उत्तीर्णांच्या अभिनंदनाच्या सभेतच मुख्याध्यापकांना आठवीच्या पटावरच्या सगळ्या मुलांचा हिशेब मांडायला सांगा. पालक हा हिशेब विचारू लागले की शाळा तो ठेवू लागते. आणि शाळा तो ठेवू लागली की नववीतल्या कच्च्या मुलाला बाहेर काढण्याऐवजी त्याला शिकवणे तिच्या फायद्याचे होते.